ट्रॅक्टरला टर्बो लावण्याआधी : हेड आणि कॉम्प्रेशनचा हिशेब



उसाचा हंगाम तोंडावर आला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळ्यात हुमणी, लोकरी मावा, खताचे हप्ते असं विचारणारी मंडळी दसरा झाला की ट्रॅक्टरबद्दल विचारू लागतात. या खेपेस तीन-चार पत्रांत एकच प्रश्न होता, शब्द तेवढे वेगळे. "जुना ४५ एच.पी.चा ट्रॅक्टर आहे. भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन चढ आला की दम लागतो. मेस्त्री म्हणतोय टर्बो बसवून देतो, हेडही बदलू, कॉम्प्रेशन ॲडजस्ट करू. बसवावा का? आणि हेड कुठलं घ्यावं?" रेडिओवर दहा मिनिटांत जमलं तेवढं सांगितलं. पण आकडे नुसते ऐकून ध्यानात राहत नाहीत, म्हणून हे पत्रक काढले आहे. ते घडी घालून ट्रॅक्टरच्या कागदांबरोबर ठेवावे.

आधीच सांगतो, मी शेती शाखेचा पदवीधर आहे, इंजिनाचा कारागीर नव्हे. कॉलेजात अवजारे आणि इंजिने हा विषय शिकलो, तो वहीत. हात काळे झाले ते नोकरीत, उद्यमनगरातल्या मेस्त्र्यांशेजारी उभे राहून. कोल्हापूरच्या माणसाला इंजिनाचे कौतुक सांगायला नको. वाय. पी. पोवार, म्हादबा मेस्त्री ही नावे अजून जुनी माणसे आदराने घेतात. आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या वसाहतींतल्या फौंड्र्यांत देशभरच्या गाड्यांचे बीडाचे भाग ओतले जातात. असे असताना आपल्याच गावचा ट्रॅक्टर ऐन हंगामात हेड फुटून उभा राहावा, याचे वाईट वाटते.

दाब म्हणजे नेमके काय

सायकलीत हवा भरताना पंपाचे खालचे तोंड गरम लागते, ते सगळ्यांनी अनुभवले आहे. हवा कोंडून दाबली की ती तापते. डिझेल इंजिनाचे सगळे गुपित एवढेच आहे. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकायला प्लग असतो, डिझेलमध्ये तो नसतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९३ साली या कल्पनेचे पेटंट घेतले आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन नीट चालले. त्याने केले काय, तर हवा इतकी दाबली की ती स्वतःच पाचशे अंशांच्या पुढे तापली. मग तिच्यात तेलाचा फवारा सोडला. तेल आपोआप पेटले.

किती दाबायची, याचा आकडा म्हणजे कॉम्प्रेशनचे प्रमाण. उदाहरणाला आपल्या ओळखीचे किर्लोस्करांचे टी.व्ही.-१ इंजिन घेऊ. एका सिलिंडरचे, पाण्यावर थंड होणारे, १५०० फेऱ्यांना ७ एच.पी. देणारे. याचा बोअर ८७.५ मिलिमीटर आणि स्ट्रोक ११० मिलिमीटर, म्हणजे पिस्टन खालून वर येताना ६६१ घनसेंटिमीटर हवा ढकलतो. पिस्टन अगदी वर आल्यावर हवेला राहायला जागा उरते फक्त ४० घनसेंटिमीटर. चार मोठे चमचे पाणी मावणार नाही, एवढीच. ६६१ अधिक ४० झाले ७०१. त्याला ४० ने भागले की साडेसतरा. या इंजिनाचे कॉम्प्रेशन साडेसतरास एक, असे म्हणतात ते हेच.

ही ४० घनसेंटिमीटरची जागा ध्यानात ठेवा. पुढचा सगळा व्यवहार तिच्यावर आहे. (जाता जाता : २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठची कैक इंजिने बुडाली. पाणी उतरल्यावर घाईने हॅंडल मारणाऱ्यांचे कनेक्टिंग रॉड वाकले. कारण हेच. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये या जागेपेक्षा जास्त पाणी राहिले, तर पिस्टनला वर यायला वाटच उरत नाही. बुडालेल्या इंजिनाचा नोझल काढून आधी हाताने चक्र फिरवावे, पाणी बाहेर पडू द्यावे.)

टर्बो काय करतो

टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेली दोन चाके. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चाक फिरवतो आणि दुसरे चाक बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबते. फुकट जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यायची ही युक्ती स्वित्झर्लंडचा आल्फ्रेड ब्यूखी याने काढली, त्याचे पेटंट १९०५ सालचे. हवा जास्त मिळाली की तेलही जास्त जाळता येते, आणि जास्त तेल जळले की ताकद वाढते.

इथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. टर्बो स्वतः ताकद देत नाही. नुसता टर्बो बसवला आणि पंप होता तसाच ठेवला, तर धूर थोडा साफ होईल, ताकद नावालाच वाढेल. म्हणून मेस्त्री टर्बोबरोबर पंपाचा स्क्रूही फिरवतो. ताकद येते ती त्या जादा तेलाची, आणि जादा तेलाबरोबर जादा उष्णता येते. जळलेल्या तेलाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकाला मिळते, एक तृतीयांश धुरातून जाते आणि उरलेली पाण्यात, म्हणजे रेडिएटरमध्ये. तेल वाढवले की तिन्ही वाढतात. रेडिएटर मात्र जुनाच असतो.

आता दाबाचे बघा. समजा टर्बोने ०.७ किलो दाब दिला. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब धरा एक किलो. म्हणजे सिलिंडरमध्ये शिरतानाच हवा १.७ पट दाबलेली आहे. पिस्टन तिला पुन्हा साडेसतरा पट दाबणार. शेवटचा दाबही मग १.७ पट होतो. शिवाय टर्बोतून येणारी हवा गार नसते. ३५ अंशांची हवा त्यातून बाहेर पडताना शंभर अंशांच्या आसपास तापलेली असते. म्हणून कारखान्याचे लोक मध्ये इंटरकूलर बसवतात. गावच्या जोडणीत तो बहुधा नसतो.

याचा भार कुणावर येतो? हेडवर. ट्रॅक्टरचा बोअर १०० मिलिमीटर धरला, तर पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्र साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर भरते. तेल पेटल्यावर साध्या इंजिनात चौरस सेंटिमीटरला ७५ किलोच्या घरात दाब येतो, असे समजू. गुणाकार केला की जवळजवळ सहा टन होतात. टर्बो लावून, तेल वाढवून हाच दाब ११५ किलोवर गेला, तर नऊ टन. उसाने भरलेली अख्खी ट्रॉली एकेका सिलिंडरचे हेड खालून वर उचलायला बघते आहे, आणि २००० फेऱ्यांना हे मिनिटाला हजार वेळा होते. हेड धरून ठेवायला काय आहे? चार-सहा बोल्ट आणि पत्र्याची एक गॅस्केट. ते बोल्ट सहा टनांच्या हिशेबाने घातलेले असतात.

गेल्या काही वर्षांत पाहिलेले एक उदाहरण सांगतो. कागल तालुक्यातील एका मळेकऱ्याने हंगामाच्या सुरुवातीला टर्बो बसवून घेतला. मेस्त्री फसवा नव्हता, चांगला कारागीर होता. पहिले तीन आठवडे ट्रॅक्टर असा चालला की गावातले आणखी दोघे बसवायला निघाले. मग रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसू लागले. हेड गॅस्केट गेली होती. नवीन टाकली, हेड फेसिंग करून आणले. बारा दिवसांत पुन्हा बुडबुडे. तिसऱ्या वेळी हेड उतरवले, तेव्हा दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीत चीर दिसली, नख अडकेल एवढी. तोपर्यंत टोळीला दिलेली उचल अंगावर, कारखान्याच्या पावत्या हातात, आणि ट्रॅक्टर मेस्त्रीच्या दारात. मधल्या काळातली वाहतूक त्यांनी भाड्याच्या ट्रॅक्टरने केली. मी गेलो तेव्हा ते चिडलेले नव्हते. एवढंच म्हणाले, "साहेब, हेडच बदललं, बाकी कुणी काय सांगितलंच नाही."

ते बाकीचे काय, ते आता सांगतो.

हेड घासले की कॉम्प्रेशन वाढते?

असे सगळेच म्हणतात. पेट्रोल इंजिनात ते खरे आहे, कारण तिथे आग पेटण्याची पोकळी हेडमध्ये असते. काही जुन्या डिझेल इंजिनांतही हेडमध्ये वेगळी कोठडी असे. पण आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांत आणि पंपाच्या इंजिनांत हेडची खालची बाजू सपाट असते आणि पोकळी असते पिस्टनच्या माथ्यात, वाटीसारखी. सपाट पाट्याला घासून त्याखालची वाटी लहान कशी होईल? डिझेलमध्ये दाब किती हे ठरवतो पिस्टन, आणि तो सोसतो हेड. ही दोन कामे वेगळी आहेत. मेस्त्रीशी बोलताना ती वेगळीच ठेवा.

मग हेड घासले तर काय बिघडते? दोन गोष्टी, आणि दोन्ही वाईट. व्हॉल्व्हची तोंडे हेडच्या पातळीपासून थोडी आत बसवलेली असतात. अर्धा मिलिमीटर घासले की व्हॉल्व्ह अर्ध्या मिलिमीटरने पिस्टनच्या जवळ आले. सीट पुन्हा कापून ते आत घेतले नाहीत, तर एक दिवस टकटक आवाज येऊन व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात. दुसरे म्हणजे नोझलचे टोक तेवढेच जास्त खाली येते. फवारा वाटीच्या मध्यावर पडायचा, तो काठावर किंवा तळावर पडतो, धूर काळा होतो, पिस्टनचा माथा जळतो. नोझलखाली योग्य जाडीचा तांब्याचा वॉशर घालून हे सांभाळावे लागते. फेसिंग करून आणलेले हेड घेताना मेस्त्रीला हे दोन प्रश्न विचारा : सीट किती कापली, आणि नोझलचे टोक किती बाहेर आहे. उत्तर आकड्यात आले पाहिजे.

कॉम्प्रेशन बदलते ते ब्लॉकचा वरचा तोंडवळा घासल्याने किंवा गॅस्केटची जाडी बदलल्याने. पुन्हा टी.व्ही.-१ चा हिशेब करू. त्याच्या बोअरचे क्षेत्र ६० चौरस सेंटिमीटर. ब्लॉक अर्धा मिलिमीटर घासला, तर जागा ३ घनसेंटिमीटरने कमी होते. ४० ची झाली ३७, आणि साडेसतराचे कॉम्प्रेशन पावणेएकोणीसच्याही वर गेले. उलट, अर्धा मिलिमीटर जाड गॅस्केट घातली तर जागा ४३ होते आणि कॉम्प्रेशन साडेसोळाच्याही खाली उतरते. अर्धा मिलिमीटर म्हणजे चारपाच कागदांची जाडी. एवढ्यात इंजिनाचा स्वभाव बदलतो.

दोन गॅस्केटींचा उपाय

टर्बोने दाब वाढला, तर कॉम्प्रेशन कमी करू, हा विचार बरोबर आहे. कारखानेही तेच करतात. पण किती कमी? हिशेब मांडून बघा. १.७ पट हवा कोंबून शेवटचा दाब पहिल्याइतकाच ठेवायचा म्हटले, तर साडेसतराचे कॉम्प्रेशन बाराच्याही खाली आणावे लागेल. मग पौषातल्या पहाटे ते इंजिन चालूच होणार नाही. स्टार्टर मारताना टर्बो झोपलेला असतो. त्या वेळी इंजिनाला फक्त स्वतःच्या कॉम्प्रेशनचा आधार असतो. बाराच्या कॉम्प्रेशनला हवा पुरेशी तापत नाही, तेल पेटत नाही, नुसता पांढरा धूर येतो.

म्हणून कारखाने मधला मार्ग काढतात. कॉम्प्रेशन थोडेसेच उतरवायचे, टर्बोची पुष्कळ इंजिने १५ ते १७ च्या दरम्यान असतात, आणि उरलेला जादा दाब सोसायला सगळे इंजिनच भक्कम करायचे. पिस्टनच्या वरच्या रिंगेच्या खाचेत बीडाचे कडे ओतलेले असते. पिस्टनला खालून ऑइलची धार मारणारे जेट असतात. हेड बोल्ट जाड किंवा जादा कसाचे. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट उष्णता सोसणाऱ्या पोलादाची. ऑइल पंप मोठा, रेडिएटर मोठा. आणि कॉम्प्रेशन उतरवायचे ते पिस्टनची वाटी मोठी करून.

गावात हेच काम दोन गॅस्केट एकावर एक घालून करतात. मला ते अजिबात पटत नाही. एक तर दोन गॅस्केटींच्या मधली फट ही गळतीला नवी वाट. दुसरे कारण बारीक आहे, पण महत्त्वाचे. पिस्टन अगदी वर येतो, तेव्हा त्याच्या काठावरची हवा चिमटीत सापडून वाटीकडे जोरात फेकली जाते आणि तेलाचा फवारा तिच्यात घुसळला जातो. ही चिमटी साधारण एक मिलिमीटरच्या आसपास असावी लागते. तिचा नेमका आकडा आपापल्या इंजिनाच्या पुस्तकात असतो. दोन गॅस्केटी घातल्या की चिमटी सैल पडते, घुसळण होत नाही, तेल अर्धवट जळते. टर्बो लावूनही काळा धूर मारणारे ट्रॅक्टर दिसतात, त्यातल्या काहींचे दुखणे हेच असते.

ही चिमटी मोजायची जुनी पद्धत सोपी आहे, ती समोर उभे राहून करून घ्या. मऊ शिशाच्या, म्हणजे सोल्डरच्या तारेचे दोन तुकडे पिस्टनच्या माथ्यावर ठेवायचे. पिनेच्या रेषेत दोन्ही बाजूंना एकेक, वाटी आणि व्हॉल्व्ह सोडून. गॅस्केट घालून हेड बसवायचे, बोल्ट पुरे आवळायचे, चक्र हाताने सावकाश वरच्या टोकापलीकडे फिरवायचे. हेड काढून चपटलेली तार मायक्रोमीटरने मोजायची. दर सिलिंडरला वेगळी. तिन्ही सिलिंडरचे आकडे जुळले नाहीत, तर एखादा रॉड वाकलेला आहे किंवा ब्लॉक तिरका घासला गेला आहे. अर्ध्या तासाचे काम आहे. ते टाळून केलेली इंजिनाची जोडणी मी तरी नवी म्हणणार नाही.

हेड घेताना काय पाहावे

हेड बदलायची वेळ टर्बोवाचूनही येते, त्यामुळे हा भाग सगळ्यांच्याच कामाचा आहे.

बाजारात चार तऱ्हेची हेडे मिळतात : कंपनीचे नवे, चांगल्या फौंड्रीचे बदली नवे, जुन्या इंजिनाचे उतरवलेले, आणि चीर पडल्यावर वेल्डिंग करून विकलेले. चौथे घेऊ नका, फुकट मिळाले तरी. बीडाचे वेल्डिंग करणारे हात आहेत, नाही असे नाही. मॅनिफोल्ड, हाउसिंग यांना ते चालते. पण दोन व्हॉल्व्हच्या मधली पट्टी एका बाजूने आगीत आणि दुसऱ्या बाजूने पाण्यात असते. वेल्डची जागा आणि मूळ बीड सारखे फुगत नाहीत, आणि चीर पुन्हा शेजारीच येते.

उतरवलेले हेड घ्यायचे असेल, तर आधी जाडी मोजा. नव्या हेडची जाडी आणि किती घासता येते याची हद्द पुस्तकात असते. ती हद्द संपली असेल तर हेड कितीही चकचकीत दिसो, परत ठेवा. मग सरळ पट्टी आडवी, उभी आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात धरून खाली फीलर घालून बघा. ०.१ मिलिमीटरचे पान कुठेही सरकले, तर हेड वाकलेले आहे. चीर डोळ्याला दिसत नाही. लाल रंग फवारून, पुसून, वर पांढरी पावडर मारली की ती लाल रेघ होऊन उठते. उद्यमनगरात ही तपासणी करून देणारी दुकाने आहेत. त्याहून खात्रीची तपासणी म्हणजे पाण्याच्या वाटा बंद करून, हेड गरम पाण्यात बुडवून आत हवेचा दाब देणे. काही चिरा गरम झाल्यावरच उघडतात, म्हणून गरम पाणी. व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये नवा व्हॉल्व्ह घालून हलवून बघा. खेळ जास्त असेल तर टर्बोच्या दाबाने तिथून ऑइल आणि हवा दोन्ही गळणार.

आता मुख्य प्रश्न. साध्या इंजिनाचे आणि टर्बोच्या इंजिनाचे हेड बोल्टांच्या भोकांनी जुळते, म्हणून ते एकच समजू नका. बाहेरून जुळे भाऊ वाटतात, आतून वेगळे असतात. पाण्याच्या वाटा वेगळ्या, एग्झॉस्ट सीटची धातू वेगळी, कधी नोझलचा कोन वेगळा. उलटही खरे आहे : टर्बोचे भक्कम हेड आणून साध्या ब्लॉकवर बसवले, तर हेड टिकेल, पण खाली पिस्टन तोच, बेअरिंग तीच, ऑइलची धार नाहीच. दाब सोसायला एकच गडी तगडा आणून काय होणार? हेडवरचा ओतीव नंबर, गॅस्केटचा नंबर, पिस्टनचा नंबर आणि पंपाच्या पाटीवरचा नंबर हे चारही कंपनीच्या एकाच यादीतले असले पाहिजेत. एकच इंजिन साधे आणि टर्बोसह अशा दोन्ही रूपांत विकणारी कंपनी असेल आणि तिच्याकडून हा सगळा संच मिळत असेल, तरच विचार करण्यासारखे आहे. नुसता टर्बो आणि नुसते हेड, हा अर्धा संच झाला.

तरीही सगळा संच जमवला, तर पुढे काय, तेही सांगून ठेवतो. इंजिनाने पंधरा एच.पी. जास्त दिले तरी क्लच, गिअरबॉक्स, मागचा आस आणि ब्रेक ४५ एच.पी.चेच राहतात. चढावर मिळालेली ताकद उतारावर कामाला येत नाही. उतारावर दोन भरलेल्या ट्रॉल्या अडवायला इंजिन लागत नाही, ब्रेक लागतात. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा काढू शकते. ट्रॅक्टरवर कर्ज असेल तर बँकेचाही प्रश्न आलाच. जानेवारी २०२३ पासून ५० एच.पी.वरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आहेत. त्यातील पुष्कळांना कॉम्प्युटरवर चालणारा पंप आहे. त्यांना तर हातच लावू नये.

दम लागतो, तो कशाने?

पत्र लिहिणाऱ्या मंडळींना माझे उत्तर असे. टर्बोच्या आधी ट्रॅक्टरची मूळची ताकद जागेवर आहे का, ते बघा. बारा-पंधरा वर्षे चाललेला ४५ एच.पी.चा ट्रॅक्टर पुष्कळ वेळा ४५ देतच नसतो. एअर क्लीनरच्या वाटीत ऑइलऐवजी चिखल असतो. रस्त्यावर पुढच्या ट्रॉलीची धूळ खाऊन तो चार दिवसांत भरतो, आणि आपण महिन्याने उघडतो. हवाच कमी मिळाली तर टर्बो काय करणार? नोझल काढून टेस्टिंगला द्या. फवारा धुक्यासारखा पडला पाहिजे, धार पडता कामा नये. पंप कॅलिब्रेशन करून घ्या, टॅपेट लावून घ्या. ब्रीदरच्या नळीतून धूर भसाभसा येत असेल, तर रिंगा आणि लायनर गेले. तेव्हा प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन गेजने मोजून घ्या. एक सिलिंडर बाकीच्यांच्या मानाने फार खाली असेल तर दुखणे तिथेच आहे. लायनर-पिस्टनचा नवा सेट घालून, व्हॉल्व्ह बसवून जे परत मिळते, ते कंपनीने ज्या हिशेबाने इंजिन बांधले त्या हिशेबातच मिळते. हेड, बोल्ट, रेडिएटर, सगळ्यांना ते झेपते.

एवढे करूनही दोन ट्रॉल्या झेपत नसतील, तर दुसरी ट्रॉली कमी भरा. नाहीतर जुना देऊन कारखान्यातूनच टर्बो लावून येणारा मोठा ट्रॅक्टर घ्यायचा हिशेब मांडा. हा सल्ला ऐकायला गोड नाही, मला ठाऊक आहे. हंगामात खेपांवर पैसा असतो.

टर्बो असलेला ट्रॅक्टर ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. चालू केल्यावर लगेच रेस करू नका, ऑइल वर पोचू द्या. आणि काट्यावर पोचलात की तडक बंद करू नका. दोन-तीन मिनिटे सावकाश चालू द्या, मग बंद करा. गरम दांड्यावर ऑइल अडकून जळाले की कोळसा होतो. ऑइल कंपनीने सांगितलेल्याच जातीचे, आणि सांगितलेल्या तासांना बदला.

हेड बसवून घेताना बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूंना, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनेच आवळून घ्यावेत. बोल्टांची भोके आधी कोरडी पुसून घ्यावीत. तळाशी ऑइल साचलेले असेल, तर बोल्ट आवळल्यासारखा वाटतो पण हेड दाबत नाही. पुस्तकात सांगितले असेल तर ठरलेल्या तासांनी पुन्हा आवळावेत, टॅपेट त्याच वेळी लावावेत.

या विषयावर आणखी प्रश्न असतील, तर पत्रात ट्रॅक्टरची जात, विकत घेतल्याचे साल, किती तास चालला, हेडवरचा ओतीव नंबर आणि पंपाच्या पाटीवरचा नंबर लिहावा. धुराचा रंग कोणता, आणि तो चालू करताना दिसतो की चढावर, तेही लिहावे.